मोटारीची काच आणि हलकेपणाचा मोह

मोटारींविषयी काही लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. मी तुम्हांला मराठी शिकवते, बी. ए. ला माझा विषय मराठीच होता. आणि मोटार चालवण्याचा परवाना मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तोही दुसऱ्या खेपेस, मिळवला. तथापि गेल्या दिवाळीच्या सुटीत असा एक प्रसंग घडला की, ज्या विषयाकडे मी आयुष्यात ढुंकूनही पाहिले नसते त्या विषयाचा मला आठ दिवस अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासातून बनलेले मत वार्षिकाच्या पानांवर मांडण्याचे धाडस आज करीत आहे.

आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी, आता वेर्णे येथील एका कारखान्यात नोकरीस असलेला, फराळाला आला होता. त्याने नुकतीच एक लहानशी जुनी मोटार विकत घेतली आहे. गाडीचे कौतुक करून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, आता चारही दारांच्या काचा काढून टाकणार आहे. त्यांच्या जागी पॉलिकार्बोनेटच्या खिडक्या बसवीन. वजन निम्म्याहून कमी! शर्यतीच्या गाड्यांना तशाच असतात. मापाप्रमाणे तक्ते कापून देणारा माणूसही पाहून ठेवला आहे. तुम्हांला कसे वाटते?" त्याच्या मनाचा निश्चय झालेला होता हे उघड दिसत होते, माणसे पुष्कळदा मत विचारतात ती संमती मिळावी म्हणून. मी त्याला म्हटले, "आठ दिवसांनी ये, तेव्हा सांगते."

हे आठ दिवस मी कशी वागले हे आमच्या विज्ञानाच्या सरांना आणि गावातील गॅरेजच्या मेस्त्रींना विचारावे. दोघांनाही मी पुरते भंडावून सोडले. सरांनी आकडे दिले, मेस्त्रींनी एका दाराचे आतील अस्तर काढून मला काचेची चाल दाखवली, आणि उरलेले मी वाचून काढले.

गोव्यातील माणसाला खिडकीत काचेऐवजी दुसरे काही असावे याचे नवल वाटू नये. आमच्या कोंकणीत खिडकीला 'जनेल' म्हणतात. आणि जुन्या घरांची जनेले तुम्ही पाहिलीच असतील. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत शिंपल्यांचे पातळ, चौकोनी, दुधी तुकडे बसवलेले असतात. तो शिंपला आजही झुआरीच्या मुखाशी, चिखलीच्या बाजूस, चिखलात सापडतो. त्यातून उजेड येतो पण नजर जात नाही. उन्हाची धग मोडते, भर दुपारी खोलीत चांदणे पडल्यासारखे वाटते. घराला तेवढे पुरे होते. बाहेर कोण आले आहे हे पाहायचे असेल तर जनेल उघडावे. घर जागचे हालत नाही, म्हणून त्याला ही चैन परवडते. मोटारीच्या खिडकीकडून मात्र आपण कितीतरी अधिक मागतो. तिच्यातून स्वच्छ दिसले पाहिजे, ती वरखाली सरकली पाहिजे, वाऱ्यापावसाला तिने अडवले पाहिजे. आणि आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे मी मागाहून येणार आहे.

मोटारींच्या आरंभकाळी त्यांना साधी काच असे, आणि ती फुटली म्हणजे सुऱ्यांसारखी पाती होऊन माणसांच्या तोंडात घुसे. या दुखण्यावर पहिला तोडगा एका फ्रेंच गृहस्थाने काढला. एडुआर बेनेदिक्तुस हे रसायनशास्त्र जाणणारे, पण वृत्तीने चित्रकार. १९०३ साली त्यांच्या प्रयोगशाळेत फळीवरून काचेचे एक पात्र खाली पडले. ते तडकले परंतु विखुरले नाही. आत पूर्वी ठेवलेले सेल्युलोज नायट्रेट वाळून त्याचा पातळ पापुद्रा काचेला आतून चिकटून राहिला होता. १९०९ साली त्यांनी दोन काचांमध्ये असा पापुद्रा घालून केलेल्या जोडकाचेचे पेटंट घेतले. मोटारीची समोरची काच आज याच जातीची असते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण जागा सोडत नाही.

दारांची काच निराळी. ती बहुधा एकाच थराची, पण 'टफन' केलेली, म्हणजे कणखर बनवलेली असते. साधी काच भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी निवून घट्ट होतो. पोट मागाहून निवते आणि आकसताना पृष्ठभागाला आत खेचून धरते. त्यामुळे काचेच्या अंगात कायमची ओढाताण कोंडलेली असते: वरची कातडी दाबलेली, पोट ताणलेले. एवढ्यामुळेच ती साध्या काचेच्या कित्येक पटींनी मार सोसते. पण एखाद्या टोकदार वस्तूने ती कातडी एका जागी भेदली की कोंडलेली सारी ओढाताण क्षणात मोकळी होते, आणि सबंध काच हरभऱ्याएवढ्या, बोथट कडांच्या कणांत कोसळते. बलवान असणे आणि वेळ आली की निरुपद्रवीपणे मोडून पडणे, हे दोन्ही गुण एकाच वस्तूत मिळावेत ही मला मोठी नामी योजना वाटली. मेस्त्रींना मात्र माझ्या या आनंदाचे कारण कळले नाही. "बाई, काच ती काच," असे म्हणून त्यांनी दाराचे अस्तर पुन्हा बसवायला घेतले.

आता पॉलिकार्बोनेटकडे वळू. १८९८ साली आल्फ्रेड आइनहॉर्न या जर्मन रसायनज्ञांना या कुळातले पदार्थ प्रथम हाती लागले, पण त्यांचे चीज झाले नाही. आइनहॉर्न यांची कीर्ती झाली ती पुढे दात काढताना टोचायच्या नोव्होकेनमुळे. पुढे १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी पॉलिकार्बोनेट तयार केले, आणि अवघ्या आठवडाभरात, त्यांची काही वार्ता नसताना, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी तेच केले. फॉक्स यांच्या पात्रात तो पदार्थ असा घट्ट झाला की तो कशाने फुटेना. शेवटी त्या गोळ्यानेच त्यांनी खिळे ठोकून पाहिले, असे सांगतात. एका कंपनीने त्यास 'मॅक्रोलॉन' म्हटले, दुसरीने 'लेक्सान'. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतील अंतराळवीरांचा पारदर्शक शिरस्त्राण-गोल याचाच होता. दंगलीत पोलिसांच्या हाती दिसणारी पारदर्शक ढाल पुष्कळदा याचीच असते, मुलांच्या चष्म्यांची न फुटणारी भिंगे याची असतात, आणि माझ्या महाविद्यालयीन दिवसांत जिच्यावर आम्ही नाट्यगीते साठवून ठेवीत असू ती तबकडी, म्हणजे सी. डी., तीही याचीच.

या पदार्थाची निंदा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. काचेची घनता २.५, तर याची १.२, म्हणजे सारख्या मापाचा तक्ता खरोखरच निम्म्याहून हलका. हातोड्याचा घाव घातला तर हातोडा उसळून परत येतो. मग शर्यतवाल्यांना त्याचा मोह पडला यात नवल काय? त्यांचे सारे शास्त्रच मुळी वजन उतरवण्याचे. इंग्लंडात लोटस गाड्यांचे जनक कॉलिन चॅपमन यांनी हलकेपणाचा ध्यास घेऊन मोठमोठ्या कंपन्यांना शर्यतीत हरवले. १९६७ च्या पोर्श ९११ आर या गाडीला आणि १९७२ च्या बी. एम. डब्ल्यू. ३.० सी. एस. एल. ला काचेऐवजी अॅक्रिलिक प्लॅस्टिकच्या खिडक्या होत्या. १९८७ साली फेरारीने एफ-४० ही गाडी काढली, तिच्या आरंभीच्या प्रतींच्या दारांत लेक्सानचे तक्ते होते आणि त्यांत हात बाहेर काढण्यापुरती एक सरकती झडप. अमेरिकेतील नॅसकारच्या शर्यतींत तर समोरचा पडदाही पॉलिकार्बोनेटचा असतो.

अॅक्रिलिकचे नाव निघाले म्हणून एक आडगोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज लढाऊ विमानांच्या वैमानिकांवर याच अॅक्रिलिकचे छत्र असे. ते फुटून त्याच्या कपच्या काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरल्या. डॉक्टर हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानात आले की, डोळा या कपच्यांना परके मानीत नाही. आणि १९४९ साली लंडनमध्ये त्यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात अॅक्रिलिकचे भिंग बसवले. तुमच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत शस्त्रक्रियेनंतर जे भिंग असते, त्याचा उगम विमानाच्या फुटलेल्या खिडकीत आहे. असो.

शर्यतीच्या गाडीला प्लॅस्टिकची खिडकी शोभते हे मान्य. पण तिला ती का शोभते, हे पाहिले पाहिजे. त्या गाडीची खिडकी वरखाली होत नाही. ती चौकटीला ठोकलेली असते. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो, डोक्यावर शिरस्त्राण असते, आणि अपघात झाला तर तो कसा काढायचा हे जाणणारी माणसे हाकेच्या अंतरावर उभी असतात. पडद्यावर ओरखडे पडतात म्हणून त्यावर पातळ फिल्मचे थर चढवलेले असतात, आणि थांब्यावर एकेक थर सोलून काढतात. आणि चालकाच्या बाजूची खिडकी? नॅसकारच्या गाडीत तिथे काच नाही आणि प्लॅस्टिकही नाही; तिथे आहे एक जाळी. १९७० साली डार्लिंग्टन येथे रिचर्ड पेटी यांची गाडी कोलांट्या खात गेली आणि त्यांचा हात खिडकीबाहेर लोंबकळताना हजारोंनी पाहिला; त्यानंतर ही जाळी सक्तीची झाली. एका हिसक्यासरशी ती सुटते. म्हणजे ज्यांचे अनुकरण आमचा विद्यार्थी करू पाहत होता, त्यांनी नेमका चालकाच्या शेजारचा मार्ग मोकळा ठेवण्याची दक्षता घेतली आहे! आपण शर्यतीच्या गाडीची एक वस्तू उचलतो आणि तिच्यामागची पन्नास पथ्ये तिथेच सोडून येतो.

आता वजनाचा हिशेब. हा मी स्वतः केला आहे, आणि नववीच्या मुलांनीही करून पाहावा. चार मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच दहा किलो भरते. तेवढेच पॉलिकार्बोनेट चार किलो आठशे ग्रॅम. लहान मोटारीच्या चारही दारांच्या काचा मिळून सव्वा चौरस मीटर धरल्या, तर वाचणारे वजन साडेसहा किलो. नऊशे किलोंच्या गाडीत साडेसहा किलो म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही! पेट्रोलच्या टाकीत आठ-नऊ लिटर कमी भरले की तेवढेच वजन उतरते, आणि त्याला पाना-पकडही लागत नाही. शर्यतवाले याहून अधिक वाचवतात हे खरे. पण ते काचेबरोबर ती उचलणारे यंत्र, मोटर, दाराचे अस्तर, सारेच उपटून फेकतात. ज्याला खिडकी खाली करून टोलनाक्यावर पैसे द्यायचे आहेत त्याला हे कसे जमावे?

इथे विज्ञानाच्या सरांनी मला जे दाखवले त्याने मी थक्क झाले. पॉलिकार्बोनेट चिवट आहे, पण ताठ नाही. वाकायला काच जितका विरोध करते त्याच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढाच तो करतो. गाडी वेगात गेली की बाजूने वाहणारी हवा खिडकीला बाहेर ओढते. पातळ तक्ता फुगतो, फडफडतो, रबराच्या खाचेतून सुटू पाहतो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत त्याला आतून धातूच्या पट्ट्यांचा टेकू देतात. आता तक्त्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. तेव्हा चार मिलिमीटर काचेइतका ताठपणा हवा असेल तर जाडी सुमारे तिपटीने, म्हणजे साडेबारा मिलिमीटरपर्यंत वाढवली पाहिजे. अशा तक्त्याचे वजन काढा: चौरस मीटरला पंधरा किलो! काचेचे दहा होते. हलकेपणासाठी काच काढली आणि काचेसारखे वागवायला गेलो तर दीडपट जड वस्तू हाती आली. मी हा गुणाकार तीनदा केला, कारण सरांवर माझा विश्वास असला तरी माझ्या गणितावर नाही.

उरलेल्या अडचणी आपल्या हवेतल्या. उघडे पॉलिकार्बोनेट इतके मऊ असते की कंपासपेटीतील कठीण पेन्सिलही त्यावर रेघ उमटवते. वर सिलिकोनयुक्त कठीण लेप देतात. परंतु दाराची खिडकी दिवसातून दहा वेळा रबरी पट्ट्यांमधून खालीवर होणार, आणि आमच्या जांभ्या दगडाच्या तांबड्या धुळीचे कण त्या पट्ट्यांत ठाण मांडून बसलेले असणार. लेप किती काळ टिकेल? पेट्रोलचा बोळा किंवा अमोनिया असलेले पुसण्याचे औषध लागले तरी तो तक्ता बिघडतो. उन्हाने तो काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतो. मीटरभर लांबीला चाळीस अंशांच्या फरकात जवळजवळ तीन मिलिमीटर. काचेसाठी कोरलेल्या खाचेत तो दुपारी अडकेल आणि पहाटे खुळखुळेल. आणि ऊन त्याला पिवळेही करते. याचा पुरावा तुम्हांला शाळेच्या फाटकाबाहेर मिळेल. अमेरिकेत १९८३ साली नियम बदलल्यावर मोटारींच्या पुढच्या दिव्यांवरची काच हळूहळू गेली आणि जगभर तिची जागा पॉलिकार्बोनेटने घेतली. उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांचे ते दिवे पाहा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखे ते पिवळट, धुरकट झालेले असतात आणि मालक टूथपेस्ट लावून ते घाशीत बसलेले असतात. दिव्याचे एक वेळ चालेल. पण पावसाळी रात्री, समोरून येणाऱ्या ट्रकच्या झोतात, आरशाकडे पाहायची दाराची खिडकीच तशी झाली तर?

कायद्याविषयी थोडेच सांगते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० वा नियम खिडक्यांविषयी आहे. मानकाच्या कसोटीस उतरलेली, फुटली तरी भोसकणार नाही अशीच वस्तू तिथे असली पाहिजे आणि बाजूच्या खिडक्यांतून निदान पन्नास टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असे तो सांगतो. कोणत्याही गाडीच्या काचेचा खालचा कोपरा न्याहाळा, तिथे आय्. एस्. २५५३ असा मानकाचा बारीक ठसा दिसेल. बाजारात मापाने कापलेल्या तक्त्यावर तो ठसा कोठून येणार? अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस नेमका तो कोपरा पाहील.

पण कायद्याच्या भीतीने मी हा लेख लिहीत नाही. मघाशी मी म्हटले की खिडकीकडून आपण आणखी एक गोष्ट मागतो. त्याविषयी आता सांगते.

माझ्या टेबलाच्या खणात एक आगपेटी आहे. तिच्यात काड्या नाहीत; काचेचे चौदा-पंधरा कण आहेत, खडीसाखरेसारखे. सात वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका संध्याकाळी मी, माझे मामा आणि त्यांची सहा वर्षांची नात असे तिघे खाजनाच्या बांधावरून मोटारीने परत येत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. मानशीजवळ, म्हणजे भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला जे दार ठेवलेले असते तिथे, गाडीचे मागचे चाक घसरले आणि आम्ही सावकाश, अगदी सावकाश, खोल पाण्यात गेलो. गाडी आधी तरंगते. नंतर इंजिनाच्या भाराने तिचे नाक खाली जाते. मामांनी खिडकीचे बटण दाबले. काच हलली नाही. मी दाराला खांदा लावला; दार हलले नाही. ते का हलले नाही हे मला आता कळते: मीटरभर लांब-रुंद दाराच्या बाहेर काठोकाठ पाणी आणि आत पोकळी असेल तर त्यावर अर्ध्या टनाचा भार पडतो. तेव्हा मला एवढेच कळले की पाणी माझ्या गुडघ्यांपर्यंत आले आहे आणि मुलगी रडायची थांबली आहे.

बांधावरून एक रेंदेर माडाकडे निघाला होता. कमरेची काती काढून तो तसाच पाण्यात उतरला. तिच्या मागच्या बाजूने त्याने मागच्या दाराच्या काचेवर घाव घातला. काही झाले नाही. दुसरा घाव त्याने खालच्या कोपऱ्यात घातला, आणि सारी काच पावसाच्या सरीसारखी आमच्या अंगावर आली. आधी मुलीला बाहेर दिले, मग मी निघाले, मग मामा. बांधावर उभे राहून आम्ही मागे वळून पाहिले तेव्हा गाडीचे छप्पर पाण्याखाली जात होते. आम्हां तिघांच्या अंगावर कुंपणातून जाताना लागावे तेवढेच ओरखडे होते. मामी म्हणते, देवाने राखले. मामा म्हणतात, रेंदेराने. त्या रात्री माझ्या केसांतून निघाले ते कण मी आगपेटीत ठेवले आहेत.

त्या दारात पॉलिकार्बोनेट असते तर काती उसळून परत आली असती. कोपऱ्यात मारली असती तरी. आणि गोव्यात रस्त्याच्या कडेला पाणी नाही असे गाव शोधावेच लागेल. २०२२ च्या जुलैत झुआरीच्या जुन्या पुलाचा कठडा मोडून एक मोटार नदीत कोसळली आणि तिच्यातील चौघे गेले, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पाण्यात पडलेल्या मोटारींवर कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी प्रत्यक्ष माणसे आत बसवून प्रयोग केले आहेत. त्यांचे सांगणे असे की, हाती जेमतेम एक मिनिट असते, तेवढ्यात पट्टे सोडा, खिडक्या उघडा किंवा फोडा, आधी मुलांना बाहेर काढा आणि निघा. दाराच्या नादी लागू नका.

माझा विद्यार्थी यावर जे म्हणाला ते टाकाऊ नव्हते. तो म्हणाला, "बाई, न फुटणाऱ्या खिडकीने माणूस गाडीबाहेर फेकला जायचा वाचतो. आणि कंपन्याही आता काही गाड्यांच्या दारांना जोडकाच बसवतात. ती तरी कुठे फुटते?" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अमेरिकेतील मोटारचालकांच्या 'ट्रिपल ए' या संघटनेने २०१९ साली काच फोडण्याची सहा हत्यारे तपासली. कणखर काच त्यांतल्या चारांनी फोडली, जोडकाच एकानेही नाही. गाडी उलटून बाहेर फेकली जाणारी माणसे बुडणाऱ्यांहून कितीतरी अधिक, हेही मी नाकारीत नाही. परंतु फेकले जाण्यावर कमरेचा पट्टा हा उपाय प्रत्येक गाडीत आधीच आहे. बुडणाऱ्या गाडीत दार आणि बटण दोन्ही संपल्यावर खिडकीवाचून दुसरा उपाय नाही. शिवाय कंपनीने बसवलेल्या काचेच्या कोपऱ्यात ती कोणत्या जातीची हे लिहिलेले असते. बाहेरून धावून येणाऱ्या माणसाला हातोडा कुठे घालावा, हे त्यावरून ठरवता येते. हौशीने बदललेल्या खिडकीपुढे तो रेंदेर किती घाव घालत राहिला असता?

ज्याला शर्यतच करायची आहे त्याने जरूर करावी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरला जावे, पिंजरा घालावा, जाळी लावावी, आणि मग हवे तितके पॉलिकार्बोनेट बसवावे. बाजारहाटाच्या आणि आईला दवाखान्यात न्यायच्या गाडीला मात्र कारखान्यातून आलेली काचच राहू द्यावी, असे माझे मत आहे, आणि आठव्या दिवशी तो आला तेव्हा मी ते त्याला सांगितले. आगपेटीही दाखवली. त्याने एक कण तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाला, "पण बाई, गाडी हलकी झाली असती."

मी विचारले, "डिकीत काय ठेवले आहेस?"

तो ओशाळला. डिकीत गाण्यांचा घुमारा वाढवणारी भली मोठी स्पीकरची पेटी होती. दुसऱ्या दिवशी ती त्याने वडिलांच्या भुसारी दुकानातल्या काट्यावर चढवली. सतरा किलो भरली. सध्या ती त्यांच्या ओसरीवर असते, आणि तिच्यावर बसून त्याची आजी सुपारी कातरते.